मुरबाडचे निळे ड्रम

दुकानात जाऊन कोरी वस्तू मागणारा माणूस मला कधी कळलाच नाही. बिजागरी हवी, घेतली बिजागरी. बादली हवी, घेतली बादली. यात डोकं कुठे लागलं? नव्वदीच्या दशकात शहापूरच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप होतं. ग्रिल, गेट, नांगराचे फाळ, ट्रॉलीचे तुटलेले हूक, जे येईल ते मी जोडून द्यायचो. आणि वर्कशॉपला लागणारं निम्मं सामान मुरबाडच्या कारखान्यांमागे जे भंगारवाले बसत, त्यांच्याकडून आणायचो. ते सामान शोधण्यात जी मजा होती, ती मला कुठल्याही जत्रेत आली नाही.

काय नव्हतं तिथे. वाकलेला अँगल मिळायचा, तो घणाच्या चार ठोक्यांत सरळ व्हायचा. परदेशातून मशिनं ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या पाइनच्या फळ्या मिळायच्या. त्यांचं मी घरात फडताळ केलं, आईला पाट केले, उरल्या त्यांचा कोंबड्यांचा खुराडा केला. कारखान्यात माल वाहून नेणारा रबरी पट्टा जुना झाला की ते लोक फेकून देत, आणि तो पट्टा म्हणजे माझा जीव की प्राण. दाराच्या बिजागऱ्या त्याच्या, गोठ्यात म्हशीच्या पायाखाली तो, माझ्या चपलांचे तळही त्याचेच. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात बायकोने सगळं घर न्याहाळलं आणि मला विचारलं, की या घरात नवीन आलेली मी एकटीच का. मी हो म्हटलं. ती हसली म्हणून निभावलं.

या सगळ्या खरेदीत सरस ठरले ते निळे ड्रम. माणसाच्या छातीपर्यंत येणारे, जाड प्लास्टिकचे, वर घट्ट झाकण आणि झाकणाभोवती आवळायची पत्र्याची कडी. कारखान्यांत कुठला कुठला माल त्यांतून यायचा आणि रिकामे ड्रम भंगारात जायचे. गंजत नाहीत, फुटत नाहीत, उंदीर कुरतडत नाही. आमच्या भागात त्या काळात ज्याच्या घरी निळा ड्रम नाही असं घर शोधावं लागलं असतं. कुणी त्यात भात ठेवी, कुणी पेंड. आणि उन्हाळ्यात त्यात पाणी भरायचं, ते तर सगळ्यांनीच.

कारण एप्रिल उजाडला की आमच्या विहिरी तळाला जात. तानसा धरणाचं पाणी आमच्या अंगावरून मोठ्या नळांतून मुंबईला जातं आणि आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, हे इतकं जुनं झालंय की त्यावर चिडायचंही लोकांनी सोडून दिलंय. मी मात्र अजून चिडतो. टँकर येई एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. तो आला की रस्त्याच्या कडेला निळ्या ड्रमांची रांग लागे आणि ज्याचा ड्रम मोठा त्याच्या घरी दोन दिवस शांतता.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी मी चांगला लॉट बघून ड्रम आणले. टेम्पो भरून आणले, कारण आळीतल्या लोकांनी सांगून ठेवलं होतं, आणि माझ्या पारखीवर त्यांचा भरवसा होता. मी प्रत्येक ड्रम गरम पाण्याने आणि सोड्याने धुतला, राखेने घासला, उन्हात उलटा टाकला. नाक घालून वास घेतला. काही वास नव्हता. आमच्यासाठी दोन ठेवले. ते डुगडुगू नयेत म्हणून अंगणात खड्डे केले, वाळू टाकली आणि वीतभर खाली गाडून बसवले. एक वापरायचा, एक पिण्याचा.

बायकोला तेव्हा सातवा महिना होता. त्याआधी एकदा चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी आई त्याच्याकडे रागाने बघायची. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, उन्हाळा कडक आहे, पाणी भरपूर पी. आणि ती बिचारी सांगितल्याप्रमाणे तांब्यावर तांब्या प्यायची, त्या पिण्याच्या निळ्या ड्रममधलं.

मग एक दिवस वर्कशॉपमध्ये डोळखांबकडचा एक गिऱ्हाईक फाळ घेऊन आला आणि बसल्या बसल्या बातमी देऊन गेला, की तिकडे कुठल्याशा पाड्यावर ड्रममधलं पाणी पिऊन म्हैस तडफडून मेली. कुठला पाडा, कुणाची म्हैस, त्याला सांगता येईना. मी तिथेच सोडून दिलं असतं. पण आई माझा डबा घेऊन आली होती आणि तिने ते ऐकलं.

आमच्याकडे जुनी पद्धत आहे. विहीर उपसून गाळ काढला, की नव्याने भरलेल्या पाण्यात लगेच घागर बुडवत नाहीत. आधी त्यात एक लहानसा मासा सोडतात. तो रात्रभर जगला, की पाणी माणसाच्या कामाचं. आई म्हणाली, विहिरीला जे चालतं ते ड्रमलाही चालेल. मला हसू आलं, पण सातव्या महिन्यातल्या सुनेच्या सासूशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच लॉटमधला एक ड्रम शेजारच्या काकूंसाठी आमच्या अंगणात अजून पडून होता. संध्याकाळी टँकर आला तेव्हा तो भरून घेतला. मी सापगावला जाऊन, नदीच्या डोहावर गळ टाकून बसलेल्या एकाकडून बोटभर लांबीचा जिवंत मासा डब्यातून आणला आणि ड्रममध्ये सोडला. मांजर खाईल म्हणून आईने झाकण लावलं आणि वरून कडीही आवळली.

सकाळी मी दात घासत होतो. आईने कडी काढली, झाकण उचललं आणि बघत राहिली. मग झाकण परत ठेवलं, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मासा मेलाय रे. तिला नको सांगू."

"मी ऐकलंय," बायको मागून म्हणाली.

ती दारात उभी होती. हातात रिकामा तांब्या होता. तिने तो पालथा करून ओट्यावर ठेवला आणि पोटावर हात ठेवून खाली बसली. "मी तं रोज तेच पानी पितेय," ती म्हणाली. ते माझ्यासाठी नव्हतं, आईसाठीही नव्हतं. माझ्या तोंडात मंजन तसंच होतं.

आळीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. माझ्यावर कुणी ओरडलं नाही, त्यानेच मी जास्त खचलो. लोक आपापल्या ड्रमजवळ जाऊन नुसते उभे राहिले. ते पाणी प्यायची कुणाची छाती होईना, आणि उन्हाळ्यात भरलेला ड्रम ओतून द्यायचीही होईना. आई कळशी घेऊन लांबच्या हातपंपाकडे निघाली. त्या पंपाला गढूळ, लोखंडाच्या चवीचं पाणी यायचं, तेही थांबून थांबून. मी आधी बायकोला डॉक्टरीण बाईंकडे नेतो म्हणालो. ती म्हणाली, बाई विचारतील ड्रममध्ये काय होतं, तर काय सांगणार? आधी ते बघून या. तिचं बरोबर होतं. मी मोपेड काढली आणि किन्हवलीवरून मुरबाडचा रस्ता धरला.

त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. रंग, ॲसिड, खत, कीटकनाशक, मुरबाडच्या कारखान्यांत जे जे होतं म्हणून ऐकलं होतं ते सगळं मी त्या ड्रममध्ये ओतून पाहिलं. बरं, लोखंडाला हात लावून ते कुठल्या भट्टीचं ते सांगीन अशा गमजा मी मारायचो. प्लास्टिकने मला काहीच सांगितलं नव्हतं.

भंगारवाला आपल्या वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. मी विचारलं, तर म्हणाला साबणाचे असतील. मी म्हटलं, असतील म्हणजे? तर म्हणाला, नाही, ते रंगवाल्याकडचे, पण पाण्याचा रंग. मी म्हटलं, पाण्याचा रंग म्हणजे काय? तो म्हणाला, भाऊ, मी लॉट घेतो, माझं वजनाशी काम. एवढं बोलून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला माल आणायला सांगितलं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी जाऊन त्याच्या काट्याच्या फळीवर मांडी घालून बसलो. म्हटलं, आता इथून उठत नाही, कर वजन कुणाचं करायचं ते. मागे हातगाड्या उभ्या राहिल्या. पत्रे घेऊन आलेला एकजण शिव्या द्यायला लागला, तो मला की भंगारवाल्याला ते कळत नव्हतं. भंगारवाल्याने आधी दरडावलं, मग गोडीत घेतलं, मग माझ्याकडे नीट बघितलं. मी त्याला सांगितलं, की घरी बायको दोन जिवांची आहे आणि ती ते पाणी प्यालीय. तो उठला. मागच्या ढिगातून एक ड्रम गडगडत घेऊन आला आणि तळाशी बोट दाखवलं. तिथे, अगदी बुडाजवळ, ब्रशने मारलेला पांढरा रंगाचा पट्टा होता. म्हणाला, तुझा लॉट या पट्ट्याचा. हे ड्रम पलीकडच्या गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यातून येतात, त्यांत खायचा माल असतो. मी काट्यावरून उतरलो, तेवढ्यात तो म्हणाला, "बहुतेक."

तो एक शब्द घेऊनच मी पलीकडच्या कारखान्याकडे निघालो.

गोळ्यांच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमनने अडवलं. माझा अवतार बघून त्याने काही विचारलं नाही, नुसतं आत जाऊन स्टोअरकीपरला बोलावून आणलं. तो कल्याणहून रोज येणारा, चष्मा लावणारा, सभ्य माणूस होता. मी सगळं भडाभडा सांगितलं. तो मला शेडमध्ये घेऊन गेला. तिथे निळे ड्रम ओळीने उभे होते, भरलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पांढरा पट्टा. म्हणाला, हा पट्टा आम्हीच मारतो, दुसऱ्या मालात मिसळू नयेत म्हणून. एका उघड्या ड्रममध्ये त्याने पळी बुडवली आणि माझ्यापुढे धरली. पाण्यासारखं पारदर्शक आणि काकवीसारखं दाट असं काहीतरी पळीवरून ओघळत होतं. साखरेसारखाच पाक, तो म्हणाला, गोळ्यांत घालतात, घ्या चाखून.

मी बोटावर घेतलं. घेतलं खरं, पण तोंडात घालायला क्षणभर धीर होईना. मग मनात आलं, घरचीने इतके दिवस प्यायलंय आणि आपण एक बोट चाटायला घाबरतोय. चाटलं. गोड होतं.

"मग मासा का मेला?" मी विचारलं.

त्याने उलट विचारलं, की पाणी कुठलं होतं. मी म्हटलं, टँकरचं. संध्याकाळी भरलेलं? हो. त्यात पावडर टाकून देतात ना, ती वास येणारी, जंतू मारायची? हो, टाकतात, आमच्याकडे तर ओंजळी भरून टाकतात. आणि झाकण? झाकण आईने कडी घालून आवळलं होतं, मांजरासाठी. तो हसला आणि लगेच हसू आवरलं. म्हणाला, माझ्या घरी काचेच्या पेटीत मासे होते. एकदा नळाचं ताजं पाणी घातलं आणि सकाळी सगळे वर तरंगत होते. ती पावडर माणसाला चालते, माशाला नाही. पाणी उघडं राहिलं तर तिचा जोर उडून जातो, तुम्ही तर तो आत कोंडून ठेवलात. मग मला उलगडलं, विहिरीची परीक्षा टँकरच्या पाण्याला लावली आमच्या आईने, आणि तीही मांजराचा पक्का बंदोबस्त करून.

एवढं कळल्यावर माणसाने आनंदाने उड्या मारत घरी जावं. मीही निघालो तसाच. त्याने एका बाटलीत थोडा पाक घालून दिला होता, तो पिशवीत होता. पण सरळगाव मागे पडलं आणि माझ्या डोक्यात आलं, की आपल्या घरच्या ड्रमांना पांढरा पट्टा आहे का? मी ते स्वतः धुतले, घासले, उलटे केले, गाडून बसवले. पण पट्टा बघितल्याचं काही केल्या आठवेना. भंगारवाला म्हणाला, तुझा लॉट या पट्ट्याचा. पण तोच आधी साबण म्हणाला होता आणि मग रंग म्हणाला होता. उरलेल्या रस्त्यावर मी मोपेडला जेवढं पळवता येईल तेवढं पळवलं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात चार बायका बसल्या होत्या. बायको भिंतीला टेकून होती, ओठ सुकलेले. आईने पंपावरून आणलेल्या पाण्यातले तिने दोन घोट घेतले होते आणि बाकीचं ठेवून दिलं होतं. आईने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की सकाळपासून पोटात हालचाल नाही म्हणते. मी तसाच वळलो. खुरपं घेतलं आणि पिण्याच्या ड्रमच्या बुडाशी उकरायला बसलो. ड्रम भरलेला, हलवता येत नव्हता. वाळू ओली होती. आधी नुसताच निळा रंग दिसला. आणखी खाली गेलो, तरी निळाच.

"काय शोधतस रे, सांगशील तं," आई म्हणाली.

मी खुरपं टाकून हातानेच वाळू ओढली. आणि मग बोटांखाली पांढरं दिसलं. थोडं पुसलं, आणखी पांढरं. मी वेड्यासारखा ड्रमच्या भोवती फिरत उकरत गेलो आणि पट्टा सगळीकडून निघत गेला, पूर्ण, गोल. मग दुसरा ड्रम उकरला. मग काकूंचा ड्रम, तो तर गाडलेलाच नव्हता, त्याचा पट्टा पहिल्या दिवसापासून उघड्यावर सगळ्यांना दिसत होता. तिथेच वाळूत बसून मी हसायला लागलो आणि हसता हसता रडलो. चार बायकांसमोर रडलो आणि मला काही वाटलं नाही. छातीवरचा दगड उतरला म्हणतात, तो खरंच उतरताना कळतो.

मग मी सगळं सांगितलं. बाटली काढली. आळीतल्या प्रत्येकाने येऊन बोटभर पाक चाटला आणि आपापल्या ड्रमचा पट्टा बघायला धावला. आईने दोनदा चाटला आणि गुळाची सर नाही म्हणून सांगितलं. माशाचं कळल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. तिने झाकण काढून वास घेतला, मासा ओंजळीत काढला आणि परसात आळूच्या मुळाशी पुरला. बिचारा औषधाने गेला, असं ती नंतर बरेच दिवस म्हणत राहिली.

बायको या गडबडीत भिंतीला टेकूनच होती. तिने पाकही चाटला नाही. सगळे पांगल्यावर ती भिंतीला धरून उठली, ओट्यावरचा पालथा तांब्या उचलला आणि पिण्याच्या ड्रममध्ये बुडवला. सावलीतलं पाणी, चांगलं गार होतं. ती उभ्यानेच प्यायला लागली. हनुवटीवरून पाणी ओघळून पदर भिजला तरी थांबली नाही. पाणी पिणाऱ्या माणसाकडे मी आयुष्यात इतकं टक लावून कधी बघितलं नसेल. तिच्या गळ्याची प्रत्येक हालचाल मी बघत होतो. तिने दुसरा तांब्या भरला, तोही संपवला, आणि ओट्यावर बसून राहिली. पोटावर दोन्ही हात, मान खाली. आई चुलीजवळून तिच्याकडे बघत होती. मीही बघत होतो.

बराच वेळ गेला. मग तिने मान वर केली.

"हललं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "परत हललं."

आईने पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे तोंड फिरवलं. मी उकरलेल्या वाळूतच बसून होतो. बायकोने तिसऱ्यांदा तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"बघत काय बसलाव," ती म्हणाली. "तुमी पन प्या. सकाळपास्नं तुमच्या पोटात तरी पानी कुठं गेलंय."